धुक्यातल्या रानाला काळं किती लागतं?

धुक्यातल्या रानाचा कृष्णधवल फोटो कुणी समोर ठेवला की माझी नजर आधी त्यातलं काळं शोधते. ज्याच्या आत काहीच दिसत नाही असं गच्च काळं किती आहे, कुठे कुठे आहे? बऱ्याच फोटोंत ते सगळीकडे असतं. जवळचे बुंधे काळे, मधले काळे, लांबचेही काळ्याच्या आसपास, आणि त्यांच्या फटींतून पांढरं. असा फोटो पहिल्या नजरेत ठसतो, हे मान्य. पण दुसऱ्यांदा बघितला की जाणवतं, यातलं धुकंच गेलंय. झाडं एका ओळीत उभी केल्यासारखी दिसतात. खोली नाही, हवा नाही, ओल नाही.

धुक्यातल्या रानाला काळं चिमूटभर पुरतं, असं माझं ठाम मत आहे. ते सगळ्यात जवळच्या झाडापाशी असावं आणि तिथून मागे सगळं रान राखाडीच्या एकेका पायरीने फिकं होत जावं, शेवटचं झाड कुठलं हे सांगता येऊ नये इथपर्यंत. या पायऱ्या निसर्ग आपल्याला आयत्या देतो. त्या सांभाळायचं काम मात्र रानात पाऊल टाकल्यापासून कागदावर शाई उतरेपर्यंत चालू राहतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

रानात पोचल्यावर मी कॅमेरा लगेच बाहेर काढत नाही. नजर पुरते तिथलं शेवटचं झाड हेरते आणि पावलं मोजत तिथपर्यंत चालत जाते. हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरच्या आत आली की त्याला धुकं म्हणतात. रानात फोटो काढणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण झाडीत एक किलोमीटर लांबचं एरवीही दिसत नसतं. आपल्याला हवं असतं ते दोनशे मीटरच्या आतलं धुकं, आणि ते दोनशे आहे, शंभर आहे की चाळीस, यावर पुढचं सगळं ठरतं.

याला एक सुंदर नियम आहे. हॅराल्ड कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने 1924 मध्ये तो मांडला. काळी वस्तू आणि तिच्यामागचं धुकं यांच्या उजेडातला फरक अंतराबरोबर ठरावीक पटीने घटत जातो. तो फरक 2 टक्क्यांवर आला की डोळ्याला वस्तू दिसेनाशी होते, आणि तेवढं अंतर म्हणजे दृश्यमानता. आता दृश्यमानता 200 मीटर धरा. या हिशोबाने 20 मीटरवरच्या गडद बुंध्याचा सुमारे 68 टक्के ठसा शिल्लक राहतो, 50 मीटरवरच्याचा 38 टक्के, 100 मीटरवरच्याचा जेमतेम 14. रानात वर पानांचं छत असतं, उजेड सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण कल तोच राहतो, आणि तो कळला की उभं कुठे राहायचं याचा निम्मा गोंधळ संपतो.

कारण या आकड्यांतून एक गोष्ट सरळ दिसते. सगळी गंमत पहिल्या पाव भागात आहे. दृश्यमानता 200 मीटर असेल तर 10 आणि 50 मीटरच्या मधल्या झाडांत सगळ्यात मोठ्या पायऱ्या पडतात. 100 आणि 140 मीटरवरची झाडं मात्र जवळजवळ एकाच राखाडीत मिसळून जातात. म्हणून माझ्या फ्रेममध्ये मी त्या पहिल्या पाव भागात तीन-चार झाडं वेगवेगळ्या अंतरांवर मिळतायत का ते बघते. धुकं दाट होऊन दृश्यमानता 50 मीटरवर आली तर हाच खेळ पाच ते बारा मीटरमध्ये खेळावा लागतो. मग मोठे वृक्ष सोडून द्यायचे आणि लहान झाडं, झुडपं, नेचे, एखादी लोंबणारी वेल यांच्याकडे वळायचं. विरळ धुक्यात याच्या उलट. मोकळं माळरान किंवा ओढ्याचं पात्र शोधायचं, पलीकडच्या काठावरची झाडं पकडायची.

लांब लेन्सने धुकं दाट दिसतं असं सगळे म्हणतात. धुकं तेवढंच असतं. लांब लेन्स लावली की झाड फ्रेममध्ये बसवायला आपण मागे सरकतो, आणि मधे हवेचा जाड थर येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 70 ते 135 मिलिमीटर हा माझा आवडता पट्टा आहे. रुंद लेन्स धुक्यात मी क्वचितच वापरते. तिच्यात पायाशी पडलेली पानं, काटक्या, दगड मोठे आणि खणखणीत येतात, आणि धुकं बिचारं मागे एका पट्टीत उरतं.

आता उभं राहण्याबद्दल, कारण माझ्या मते धुक्यातल्या रानात फोटो पायांनी घडतो. झाडी म्हणजे एरवी नुसता कल्लोळ असतो. धुकं मागचा अर्धा कल्लोळ पुसून टाकतं, पण जो उरतो तो जास्त ठळक होतो. पांढऱ्यावर एखादी आडवी फांदी आली की ती सुरीने कापल्यासारखी दिसते. दोन जवळचे बुंधे एकमेकांवर आले की त्यांचा एकच काळा लगदा होतो आणि आतली पायरी नाहीशी होते. जवळच्या बुंध्यामागे लांबचं धुकं यायला हवं, दुसरा जवळचा बुंधा नको. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तरी हे बदलतं. म्हणून मी ट्रायपॉड आधी उघडत नाही. कॅमेरा हातात धरून डावीकडे, उजवीकडे, थोडी वाकून, थोडी टाचा उचलून बघते. प्रत्येक बुंध्याभोवती धुक्याची थोडी तरी मोकळी किनार मिळेपर्यंत हे चालतं. मिळाली की तिथेच पाय रोवायचे आणि ट्रायपॉड त्या जागेवर आणायचा.

आणखी एक. वर पानांच्या छतात जिथे भोक असतं तिथून उघडं आकाश दिसतं. रंगीत फोटोत ते निळसर-करडं दिसून खपून जातं. कृष्णधवलात ते कोरं पांढरं होतं आणि डोळा थेट तिथे जाऊन पडतो. फ्रेमच्या कडेला असं एक भोक असेल तर मी ते झाड कितीही आवडलं तरी चित्र बदलते.

माझं एक झाड आहे. ओढ्याच्या काठावर, मुळं अर्धी उघडी, बुंधा जमिनीपासून हातभर सरळ आणि मग पाण्याच्या बाजूला चांगलाच वाकलेला. धुकं उतरलं की त्याची एक बाजू भिजते आणि दुसरी कोरडी राहते, कारण ओढ्यावरून येणारी हवा ओल त्याच बाजूला आणून लावते. भिजलेली साल डांबरासारखी काळी होते. कोरड्या बाजूला दगडफुलाचे फिकट हिरवे-करडे चट्टे आहेत, ते कृष्णधवलात जवळजवळ चांदीसारखे उजळ येतात. एकाच बुंध्यावर, हाताच्या एका वितीत, संपूर्ण चित्रातलं सगळ्यात गडद आणि जवळजवळ सगळ्यात उजळ. चिमूटभर काळं म्हणते ते हे. बुंध्याच्या ओल्या बाजूची ती उभी पट्टी, बस. तिच्या मागची झाडं त्या पट्टीच्या तुलनेत आपोआप हवेत विरतात, त्यांना मुद्दाम फिकं करावं लागत नाही. पानांच्या टोकांवर थेंब जमतात, जड होतात आणि टपटपतात. पाऊस नसताना रानात असा पाऊस पडतो. धुक्यातलं पाणी झाडं अक्षरशः गाळून घेतात. हे थेंब फांदीच्या खालच्या कडेला ओळीने लटकलेले असतात तेव्हा त्या कडेला बारीक उजळ किनार येते. मोठ्या प्रिंटमध्ये ती दिसते, फोनच्या पडद्यावर नाही.

एक्सपोजरचं, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याचं, बोलायचं तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर धुक्याला फसतं. समोरचं सगळं जग मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरून ते चालतं, साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारं. धुकं त्याहून कितीतरी उजळ असतं. मीटरचं ऐकलं तर धुकं मळकट येतं आणि झाडं चिखलात बुडतात. पूर्ण फ्रेमवर मोजत असाल तर एक स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आसपास वाढवा, झाडी कमी आणि धुकं जास्त असेल तर दीडपर्यंत. स्पॉट मीटर, म्हणजे एका लहानशा जागेचाच उजेड मोजणारं मीटर, असेल तर मी ते फ्रेममधल्या उजळ धुक्यावर रोखते आणि आलेल्या मोजमापावर पावणेदोन ते दोन स्टॉप चढवते. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1939-40 च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमाने आकडे देणारी पद्धत. तिच्या भाषेत सांगायचं तर मीटर धुक्याला पाचव्या झोनमध्ये ठेवतं, आपण त्याला सातव्यात नेतो. सातवा म्हणजे उजळ पण अजून पोत असलेला. त्याच्याही वर गेलं की कोरा कागद उरतो, आणि कोऱ्या कागदावर धुकं नसतं.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ छटा किती आहेत ते दाखवणारा आलेख, बघायची सवय असेल तर धुक्याचा हिस्टोग्राम एका अरुंद टेकडीसारखा येतो, दोन्ही बाजूंना सपाट मोकळी जागा. ही टेकडी उजवीकडे सरकवायची, पण कडेला टेकू द्यायची नाही. डावीकडची मोकळी जागा बघून खूप जण घाबरतात: काळं काहीच नाही! रानातच नाही, तर फाइलमध्ये कुठून येणार? ते असू द्या तसंच.

फिल्टरांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. लांबचे डोंगर धुरकट दिसत असतील तर लाल फिल्टर लावला की ते उघडतात, हे खरं आहे. त्या धुरकटपणातले कण प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल कमी. धुक्याचे थेंब मात्र काही मायक्रॉनपासून 40-50 मायक्रॉनपर्यंत असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. एवढे मोठे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. कुठलाही रंगीत फिल्टर धुकं कापत नाही. तो बदलतो ती पानं, साल, शेवाळ. पिवळट-हिरव्या फिल्टरने पालवी उजळते, नारिंगीने वाळलेली पानं उजळतात आणि हिरवं खाली बसतं. रंग न टिपणारा सेन्सर असलेले कॅमेरे निघालेत, त्यांच्यावर किंवा फिल्मवर काम करत असाल तर हा निर्णय रानातच घ्यावा लागतो. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी) काढली की तो घरी घेता येतो. मी पडद्यावर कृष्णधवल दिसेल अशी सेटिंग ठेवते आणि फाइल रॉ घेते, म्हणजे नजर टोनकडे राहते आणि रंगांची माहितीही हातात उरते.

पोलरायझर मात्र मी बरोबर ठेवतेच. ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चमक बसते, ती शेकडो ठिपक्यांसारखी दिसते आणि जवळच्या भागाची शांतता घालवते. फिल्टर फिरवत गेलं की ती चमक उतरते. तो साधारण दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे ट्रायपॉड आलाच. पूर्ण फिरवू नका. थोडी चमक ठेवली नाही तर पान ओलं आहे हेच कळत नाही.

जुन्या काळात याचा वेगळाच पेच होता. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटींना फक्त निळा आणि अतिनील प्रकाश दिसायचा. 1873 मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन संशोधकाने रंगद्रव्य मिसळून प्लेट हिरव्यालाही संवेदनशील करता येते हे दाखवलं, त्याआधी हिरवं पान म्हणजे जवळपास काळंच. योगायोग म्हणजे त्याच वर्षी विल्यम विलिस यांनी इंग्लंडमध्ये प्लॅटिनम प्रिंटचं, म्हणजे प्लॅटिनमच्या क्षारांनी कागदावर फोटो छापण्याच्या पद्धतीचं, पेटंट घेतलं. छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सन यांनी 1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉर्फोकच्या पाणथळ भागात जे काम केलं, त्यातलं बरंचसं या प्लॅटिनमवर आहे. प्लॅटिनमचं काळं फार खोल जात नाही, पण मधल्या राखाडीच्या पायऱ्या लांबवर पसरतात. दलदलीवरची ओलसर हवा दाखवायला याहून योग्य माध्यम त्यांना मिळालं नसतं.

धुकं कधी पडेल याचा अंदाज घेता येतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओली, आणि संध्याकाळी हवेचं तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात ते) यांत दोन-तीन अंशांचाच फरक, असं असेल तर मी गजर लावते. असं धुकं सूर्य उगवल्यावर थोडा वेळ उलट वाढतं, कारण तेव्हा हवा जराशी ढवळते. म्हणून पहाटे गेल्यावर काही दिसलं नाही तरी परत फिरू नका. हे धुकं मोकळ्या जागी, ओढ्याकाठी, रानाच्या कडेला दाट असतं आणि गर्द झाडीच्या पोटात विरळ, कारण पानांचं छत जमिनीची ऊब सहज निसटू देत नाही. गर्द झाडीच्या आत दाट धुकं हवं असेल तर उंचावर जायला हवं, जिथे ढगच रानात शिरतो. तो तासन्‌तास टिकतो, वाऱ्याबरोबर वाहतो, आणि क्षणाक्षणाला पायऱ्या बदलत राहतो. अशा वेळी एकाच फ्रेमवर थांबून वेगवेगळ्या दाटपणाचे फोटो घ्यावेत. कुठला बरोबर होता ते रानात कळत नाही.

सूर्याची तिरीप झाडांतून आली की किरणांचे झोत दिसतात, आणि सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळतात. मला ते बघायला फार आवडतं, पण कृष्णधवलात मी ते क्वचितच घेते. झोत म्हणजे उजेडाची घटना. तिच्यापुढे झाडं गप्प होतात. मला झाडांचं ऐकायचं असतं.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी पटकन. लेन्सवर बाष्प बसतं, आणि बसलेलं लगेच दिसत नाही, नुसता फोटो मऊ होत जातो. हूड लावा, कोरडं कापड खिशात ठेवा, दर थोड्या वेळाने समोरची काच बघा. ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहतो. त्याला जवळच्या बुंध्याची ठळक कड दाखवा, नाहीतर हाताने करा. 100 मिलिमीटर लेन्सवर छिद्र एफ 11 ठेवून 20 मीटरवर फोकस केला तर साधारण 12 ते 58 मीटरपर्यंत सगळं नीट येतं, आणि मघाचा पहिला पाव भाग त्यात छान बसतो. त्यामागचं थोडं मऊ आलं तरी चालतं, धुक्याने ते आधीच मऊ केलेलं असतं. फिल्मवाल्यांसाठी: एफपी4 प्लस या कृष्णधवल फिल्मवर मीटरने 8 सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात 14 सेकंदांच्या आसपास द्यावे लागतात, फिल्म लांब एक्सपोजरला थकते. शेवाळलेल्या गर्द झाडीत पोलरायझर लावून हे आकडे सहज येतात.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. संगणकावर ती अरुंद टेकडी बघून हात शिवशिवतात. ऑटोचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर टेकडीला दोन्ही टोकांपर्यंत ताणतं, आणि मी सुरुवातीला लिहिलं ते पांढऱ्या भिंतीसमोरचं काळं रान तयार होतं. डीहेझ नावाची पट्टी तर जे टिपायला आपण पहाटे उठलो तेच काढून टाकायला बनवलेली आहे. लांबच्या, फिक्या भागातला कॉन्ट्रास्ट ती वाढवते, म्हणजे अंतराबरोबर तो कमी होण्याचा जो नियम आहे तोच उलटा फिरवते. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं. तीच पट्टी मी कधीकधी उलट्या बाजूला, अगदी थोडीशी, फक्त मागच्या झाडांवर वापरते.

माझा क्रम असा असतो. आधी रंगीत फाइलचं व्हाइट बॅलन्स नीट करते, कारण कृष्णधवल रूपांतर त्यावर अवलंबून असतं. मग रंगांच्या पट्ट्या. रानात तांबूस कुजकी पानं आणि हिरवं शेवाळ डोळ्याला किती वेगळं दिसतं! कृष्णधवलात दोन्ही एकाच राखाडीत जाऊन बसतात आणि जमीन सपाट होते. हिरवं-पिवळं थोडं वर, तांबडं थोडं खाली, किंवा उलट, की जमीन पुन्हा उघडते. निळ्या पट्टीला हात लावताना जपून. सकाळच्या धुक्यात निळी झाक असते. ती पट्टी खाली ओढली की धुक्यात डाग आणि दाणे उठतात. त्यानंतर फक्त जवळच्या बुंध्यावर ब्रशने थोडं गडद. पूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट शेवटी, आणि बहुतेकदा नाहीच.

हे सगळं 16 बिटमध्येच करा. 8 बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. धुक्याचं चित्र त्यातल्या पाव भागातच मावतं, म्हणजे हातात 64. त्या ताणल्या की धुक्यात पट्टे पडतात, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात, तिथे ताणायला जागा आहे. शेवटी किंचित ग्रेन टाकला तर उरलेसुरले पट्टेही मिटतात.

माझं हे काळ्याबद्दलचं वेड काकांकडून आलंय. डार्करूममध्ये त्यांच्या शेजारी उभी राहून मी प्रिंट करायला शिकले. मी धुक्याच्या निगेटिव्हला कडक ग्रेडचा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणारा, कागद काढला की ते म्हणायचे, ‘‘अगं, काळं हातचं राखून वाप‍र. धुक्यात एकदा सांडलं की परत गोळा होत नाही.’’ ते दोन किंवा तीन ग्रेडवरच थांबायचे आणि प्रिंट ओली असताना निकाल द्यायचे नाहीत. फायबर कागद वाळताना थोडा गडद होतो. ओल्यात बरोबर वाटलेलं धुकं सकाळी मळकं निघतं, म्हणून ते मुद्दाम किंचित फिकं ठेवायचे.

योसेफ सुदेक यांचं काम मला काकांनीच दाखवलं. प्रागचे हे छायाचित्रकार, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले. एका हाताने मोठे, जड कॅमेरे सांभाळत त्यांनी बेस्किडी डोंगरातल्या मिओन्शीच्या जुन्या रानात वर्षानुवर्षं फोटो काढले. 1940 च्या सुमारापासून ते निगेटिव्ह कागदाला लावून त्याच आकाराच्या प्रिंट करायचे, मोठ्या करायचे नाहीत. त्यांच्या कित्येक प्रिंट एकूणच गडद आहेत, तरी त्यात गच्च काळं शोधावं लागतं आणि कोरं पांढरंही. सगळं मधल्या पट्टीत, आणि तरीही त्या सपाट वाटत नाहीत. चिमूटभर काळ्याचं माझं मत डळमळायला लागलं की मी त्यांच्याकडे परत जाते.

आता प्रिंट मी इंकजेटवर करते. चकचकीत बराइटा कागदावर काळं खूप खोल जातं. मॅट सुती कागदावर ते तितकं जात नाही. बहुतेक चित्रांना बराइटा शोभतो. धुक्याला मला मॅट जास्त पटतो, कारण त्याचं काळं आधीच नरम असतं आणि काचेमागेही कागदाचा पोत हवेसारखा जाणवतो. पण मॅटवर गडद राखाड्या एकमेकींत शिरतात, म्हणून ओल्या बुंध्याची ती पट्टी छापण्याआधी थोडी उघडावी लागते. मी आधी पोस्टकार्डाएवढ्या तीन चाचणी प्रिंट काढते, उजेडाच्या थोड्या फरकाने, आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी लावून ठेवते.

माउंटचा पुठ्ठा निवडताना एक लक्षात ठेवा. शुभ्र पुठ्ठा धुक्याच्या पांढऱ्याहून उजळ असतो, त्याच्याशेजारी धुकं लगेच करडं आणि दमलेलं दिसतं. पुठ्ठा कागदाच्या रंगाहून किंचित खालचा, मोतिया छटेचा घ्या आणि प्रिंटच्या कडेभोवती बोटभर कोरा कागद दिसू द्या. काळी चौकट मी लावत नाही. एवढं करून चित्रातल्या सगळ्यात गडद गोष्टीचा मान चौकटीला का द्यायचा? फिक्या लाकडाची पुरते.